मारुती ८०० ची पेट्रोल-व्यवस्था : अमळनेरच्या अंगणातल्या नोंदी

रविवार, ६ एप्रिल २०२५

नानांनी १९९५ साली नवी घेतलेली आमची मारुती ८०० गेल्या वर्षीच्या सखाराम महाराजांच्या यात्रेनंतर अंगणातल्या निंबाखाली उभी आहे. अधूनमधून कोणी तरी सेल्फ मारून तिला पाच मिनिटे चालू ठेवत असे, एवढाच तिचा व्यायाम. येत्या ३० तारखेला आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे आणि चोपड्याला दिलेल्या ताईला या वर्षी बसने नव्हे, याच गाडीने आणायचे, असे नानांनी मला न विचारता फोनवर सांगून टाकले आहे. त्यामुळे कामाला मुदत मिळाली आणि नाही म्हणण्याची सोय उरली नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, गॅरेजचे काम शिकलेलो नाही, आणि आधी काय केले ते विसरून पुन्हा तेच करण्याची माझी खोड मला ठाऊक आहे, म्हणून या नोंदी.

दोषाचे आजचे स्वरूप असे आहे. चोक ओढला की गाडी दुसऱ्या सेल्फला सुरू होते आणि जागेवर नीट चालते, परंतु धुळे रस्त्याला लागून तिसऱ्या किलोमीटरला चढ आला की आचके देऊ लागते आणि बंद पडते. बंद पडल्यावर प्लग काढून पाहिला तेव्हा ठिणगी निळी आणि ठसठशीत होती. उलट कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, बाजूला जी छोटी गोल काच असते, तिच्यात खुणेपर्यंत दिसायला हवी ती पेट्रोलची रेषा दिसतच नव्हती. तेव्हा विजेचा भाग निर्दोष धरून केवळ पेट्रोलच्या मार्गाकडे पाहायचे, असे ठरवले.

तो मार्ग साधा आहे. २८ लिटरची टाकी मागे खाली आहे; तिथून पेट्रोल फिल्टरमधून इंजिनावरच्या पंपापर्यंत ओढले जाते, पंप ते कार्बोरेटरला देतो आणि जास्तीचे पेट्रोल वेगळ्या पाइपने टाकीत परत जाते. या पंपाला आमच्याकडचे सगळे मिस्त्री एसी पंप म्हणतात. त्याचा थंड हवेशी काही संबंध नाही; पूर्वी ज्या कंपनीचे असे पंप येत, तिचे नाव या वस्तूलाच चिकटले आहे. इंजिनाच्या कॅमवर टेकलेला त्याचा दांडा खालीवर होतो, त्याने आतला रबरी पडदा हलतो, आणि दोन झडपांमुळे पेट्रोल एकाच दिशेने पुढे सरकते. वीज नाही, संगणक नाही, त्यामुळे दोष सापडला पाहिजे, अशी माझी आजची समजूत आहे.

काम उघड्या अंगणात आणि सकाळी लवकर करायचे, आधी बॅटरीची ऋण तार सोडायची, वाळूची बादली जवळ ठेवायची आणि देवघरातला दिवा तेवढा वेळ लावायचा नाही, असे घरात सांगितले आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरून उंबऱ्याच्या आत येऊ शकते. स्वतःसाठी नियम एकच केला आहे : एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मग गाडी चालवून पाहायची.

मंगळवार, ८ एप्रिल

सकाळी साडेपाचला टाकीतले जुने पेट्रोल रबरी फुग्याच्या हातपंपाने काढले. पाइप तोंडाने ओढून पेट्रोल काढण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण तो घोट फुप्फुसात गेला तर माणूस दवाखान्यात जातो, आणि हातपंप काही फार महाग नसतो. निघालेले पेट्रोल चहाच्या रंगाचे होते आणि त्याला वॉर्निशसारखा वास येत होता. ते घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून ठेवले. नालीत ओतायचे नाही हे ठरलेले होते.

फिल्टर करवतीने कापला. आतल्या कागदी घड्यांत तांबूस गाळ बसला होता, बोटाने चोळला तर हळदीसारखा मऊ आणि मध्येच खरखरीत. नवा पारदर्शक फिल्टर बसवला. पंपाजवळचा रबरी पाइप वाकवताच त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक भेगा उघडल्या, म्हणून तोही बदलला. हा माझ्या नियमाचा पहिला भंग आहे, परंतु भेगा पडलेला पेट्रोलचा पाइप केवळ शिस्तीसाठी पुन्हा बसवणे मला पटले नाही.

शनिवार, १२ एप्रिल

टाकीच्या तळाचा गाळ हातपंपाचे टोक फिरवून जमेल तेवढा ओढून घेतला, दोन लिटर ताजे पेट्रोल घालून गाडी हलवून हलवून धुतली आणि तेही काढले. मग मापाने १२ लिटर ताजे पेट्रोल घातले. मापाने घालण्याचे कारण असे की गाडीचा काटा कित्येक वर्षांपासून मनाला येईल ते दाखवतो.

पेट्रोलमध्ये एथेनॉल किती आहे हे पाहण्याचा प्रयोग शाळेच्या जुन्या मापपात्रात केला. ५० मिलिलिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर पाणी घालून हलवले आणि स्थिर होऊ दिले. एथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरते, त्यामुळे खालचा थर वाढतो. माझ्या पात्रात तो १० वरून साडेएकोणीसपर्यंत आला. म्हणजे ५० मध्ये सुमारे साडेनऊ, अर्थात १९ टक्क्यांच्या आसपास. पंपांवर आता २० टक्के एथेनॉलचे पेट्रोल मिळते त्याच्याशी हे जुळते. ही गाडी घेतली तेव्हा असे मिश्रण कोणाच्या स्वप्नातही नव्हते. एथेनॉल हवेतले पाणी धरते, जुने रबर फुगवते, आणि त्याच्या ज्वलनाला हवा कमी लागते : शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला साधारण १४.७ भाग हवा, एथेनॉलच्या एका भागाला ९. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मापाने सोडणाऱ्या जेटचे भोक मात्र तेच राहते, म्हणून मिश्रण किंचित कोरडे पडते, म्हणजे त्यात इंधनाच्या मानाने हवा जास्त होते. हे सगळे खरे असले तरी गाडी तिसऱ्या किलोमीटरला बंद पडण्याचे खापर एथेनॉलवर फोडणे मला घाईचे वाटले. हल्ली कोणाचीही गाडी खोकली की लोक पहिले नाव तेच घेतात.

रविवार, १३ एप्रिल

कार्बोरेटर उतरवून साफ केला. उतरवण्याआधी प्रत्येक पाइपाला रंगीत दोरा बांधून मोबाइलवर छायाचित्रे काढली. फ्लोटच्या खोलीच्या, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठते त्या कप्प्याच्या, तळाशी तोच हळदीसारखा गाळ होता. मुख्य जेट काढून आकाशाकडे धरला तेव्हा भोकातून पूर्ण वर्तुळ नव्हे, चतुर्थीच्या चंद्रासारखा तुकडा दिसला. जेट पितळेचा असतो आणि पितळ मऊ असते; तार घातली तर भोक मोठे होते आणि ते पुन्हा लहान करता येत नाही. म्हणून केरसुणीची एक काडी पेट्रोलमध्ये भिजवून आत फिरवली आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. तिसऱ्या वेळी वर्तुळ पूर्ण झाले. त्या बारीक भोकातून निंबाची एक डहाळी हलताना दिसली.

कार्बोरेटर परत बसवल्यावर चावी फिरवताच सोलेनॉइडचा (पेट्रोलची वाट उघडणाऱ्या विजेच्या खिट्टीचा) टक् असा आवाज येतो की नाही ते ऐकले. येतो. जागेवरचा वेग ९०० फेऱ्यांच्या आसपास लावला.

सोमवार, १४ एप्रिल

शाळेला आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्याने सकाळी मिरवणुकीआधीच गाडी धुळे रस्त्याला काढली. तिसरा किलोमीटर गेला, दहावा गेला, विसावा गेला. गाळाचा दोष दूर झाला अशी खात्री वाटून मी आनंदात होतो, तोच २५ व्या किलोमीटरला तेच आचके सुरू झाले आणि गाडी बंद पडली. काचेत पुन्हा पेट्रोल नाही.

या वेळी फिल्टर स्वच्छ होता. काटा विश्वासाचा नसल्याने टाकीचे झाकण उघडून पेट्रोल आहे ना ते पाहिले. उघडताना सुस्स आवाज आला. ऊन तापू लागले होते, टाकीत वाफ साचणारच, असे म्हणून मी ते सोडून दिले. पाणी शिंपडलेले फडके एसी पंपावर टाकून वीस मिनिटे बाभळीच्या सावलीत बसलो. नंतर गाडी एका सेल्फला सुरू झाली आणि घरापर्यंत न थांबता आली.

संध्याकाळी शेजारचे बापू आले. एस.टी.च्या आगारात त्यांची सगळी नोकरी गेली, पण डिझेलच्या गाड्यांत. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, बोनेटमध्ये डोके घातले आणि सांगितले, "सर, एसी पंप दम सोडी ऱ्हायना." गरम झाला की पंपातला पडदा ढिला पडतो आणि थंड झाला की पुन्हा ओढतो, असे त्यांचे म्हणणे. माझ्या मनात त्याच्या जोडीला व्हेपर लॉक होते : गरम इंजिनाजवळच्या पाइपात पेट्रोलचीच वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफ दाबत बसतो. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात आणि आपल्याकडे एप्रिलमध्ये हवाच तेवढी तापते. ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली, ही गोष्ट दोन्ही तर्कांना पोषक होती.

बुधवार, १६ एप्रिल

नवा एसी पंप आणि गॅसकेट आणले. दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. वजनाने जड होता तो घेतला. याहून शास्त्रीय निकष माझ्याजवळ नव्हता.

शनिवार, १९ एप्रिल

पहिला अर्धा दिवस वाया गेला, आणि दोष केवळ माझा. जुन्या पंपावर टाकीकडून येणारा, कार्बोरेटरकडे जाणारा आणि टाकीत परत जाणारा असे तीन पाइप असतात. या वेळी दोरे बांधायचा कंटाळा केला आणि शेवटचे दोन अदलाबदल झाले. गाडी सुरू होऊन मिनिटभरात बंद पडे. सकाळच्या चाचण्यांना काही अर्थ नाही, म्हणून त्यांचे आकडे येथे देत नाही.

पाइप नीट लावल्यावर पंपाचा जोर मोजला. कार्बोरेटरचा पाइप सोडून बाटलीत धरला आणि फ्लोटच्या खोलीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन जागेवर चालू ठेवले. तीस सेकंदांत सुमारे १८० मिलिलिटर पेट्रोल आले. ताशी ४५ किलोमीटरच्या वेगाने आणि लिटरला १६ किलोमीटरच्या हिशेबाने गाडीला मिनिटाला ४७ मिलिलिटर लागते. म्हणजे पंप गरजेच्या कितीतरी पट देतो. मग नुसती खात्री म्हणून जुना पंपही तात्पुरता जोडून मोजला, तर तो १७० देत होता. त्याच क्षणी मी थांबून विचार करायला हवा होता. परंतु नवा पंप आणलेलाच होता आणि तोच ठेवला.

दुपारी चारनंतर पुन्हा धुळे रस्ता. गाडी या वेळी ३० किलोमीटर गेली आणि धुळ्याच्या अलीकडे बंद पडली. झाकण उघडून पेट्रोल पाहिले, फडके टाकले, थांबलो, सुरू झाली, घरी आलो. बापूंचे मत असे पडले की २५ चे ३० झाले म्हणजे दिशा बरोबर आहे. मलाही ते पटले, हे येथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

रविवार, २० एप्रिल

आज उलटीच तक्रार निर्माण झाली. निंबाखाली शेजारच्यांचा ट्रॅक्टर लागल्याने गाडी सकाळपासून उन्हात उभी होती. दोन वाजता ओसरीतला तापमापक ४३ दाखवत असताना आईने पेट्रोलचा वास येतो म्हणून सांगितले. बोनेट उघडले तर कार्बोरेटर ओला, आणि परवापर्यंत कोरड्या पडणाऱ्या काचेत पेट्रोल खुणेच्या पार वर चढलेले. इंजिन बंद, पंप स्थिर, तरी कार्बोरेटर भरून वाहत होता. सेल्फ मारला तर गाडी घेईना. अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला तेव्हा काळा धूर सोडून सुरू झाली.

चालताना पेट्रोल पुरत नाही आणि उभी असताना उतू जाते, या दोन तक्रारी एकत्र कशा नांदतात ते मला समजेना. वाहण्याचे कारण फ्लोटची नीडल (खोली भरली की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) धरत नसावी असे ठरवून रात्री आठला, वारा सुटल्यावर, नीडल आणि तिची बैठक बदलली. त्यानंतर काचेतली रेषा खुणेवर स्थिर राहिली.

बुधवार, २३ एप्रिल

दुपारी पुन्हा वास. नीडल नवी आहे. म्हणजे रविवारी रात्री दोष दूर झाला तो नीडलमुळे नव्हे, ऊन उतरल्यामुळे.

गुरुवार, २४ एप्रिल

चोपड्याला जाण्याची तयारी म्हणून सकाळी २० लिटर पेट्रोल भरून टाकी जवळजवळ काठोकाठ करून घेतली आणि शाळेत जाण्याआधी एक फेरी मारली. गाडी पाचव्या किलोमीटरलाच बंद पडली. सकाळचे सात, हवेत गारवा, इंजिन जेमतेम गरम, पंप नवा, फिल्टर स्वच्छ, आणि टाकी जवळजवळ भरलेली.

व्हेपर लॉकचा तर्क येथे संपला. सकाळी सातला पाचव्या किलोमीटरला पेट्रोलला उकळी फुटत नाही.

झाकण उघडले, सुस्स झाले, गाडी लगेच सुरू झाली. फडके सोबत नव्हते.

शुक्रवार, २५ एप्रिल

काल दिवसभर वर्गात परीक्षेची देखरेख करताना हाच विचार चालू होता आणि शेवटी उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानामागे आकडे मांडले. मागच्या दोन्ही वेळा मी दोन गोष्टी एकदम केल्या होत्या : पंप थंड केला आणि झाकण उघडले. श्रेय मी पहिल्या गोष्टीला दिले. टाकीत पेट्रोल किती होते हे मापाने घातल्यामुळे मला माहीत होते, त्यामुळे रिकामी जागा किती होती हेही काढता येत होते. १४ तारखेला टाकीत १२ लिटर पेट्रोल आणि १६ लिटर हवा होती. गाडी २५ किलोमीटर गेली. १९ तारखेला सुमारे ९ लिटर पेट्रोल आणि १९ लिटर हवा. गाडी ३० किलोमीटर गेली. २४ तारखेला २५ लिटर पेट्रोल आणि जेमतेम ३ लिटर हवा. गाडी ५ किलोमीटर गेली. आलेख काढला तर तिन्ही बिंदू जवळपास एका सरळ रेषेत येतात आणि ती रेषा शून्यातून जाते. गाडी किती अंतर जाणार हे पंपावर, उन्हावर किंवा पेट्रोलवर नव्हे, टाकीतल्या हवेवर ठरत होते.

लिटरला १६ किलोमीटर धरले तर प्रत्येक वेळी हवेची जागा सुमारे दहाव्या हिश्शाने वाढली की गाडी थांबली आहे. रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलेला नियम मी दरवर्षी फळ्यावर लिहितो : तापमान तेच असेल तर कोंडलेल्या वायूचे आकारमान वाढते त्या प्रमाणात त्याचा दाब घटतो. टाकीत बाहेरची हवा शिरायला वाट नसेल तर पेट्रोल खर्च होईल तशी आतली हवा ताणली जाते आणि पंपाला त्या ताणाविरुद्ध ओढावे लागते. पेट्रोलची वाफ ती पोकळी काही अंशी भरून काढते, म्हणून प्रत्यक्ष घट दहाव्या हिश्शाहून कमी असणार. परंतु लांब पाइपातून कोमट पेट्रोल वर ओढणाऱ्या पंपाला तेवढीही पुरते. नव्या पंपाने पाच किलोमीटर वाढवले नव्हते. टाकीतले तीन लिटर पेट्रोल कमी झाले होते, म्हणून ते वाढले.

आणि उन्हातले वाहणेही त्याच एका गोष्टीने सुटते. बंद टाकी उन्हात तापली की आत दाब वाढतो. पंपाच्या दोन्ही झडपा पुढच्याच दिशेने उघडत असल्याने तो दाब इंजिन बंद असतानाही पेट्रोल पुढे ढकलतो आणि फ्लोटची नीडल रेटून कार्बोरेटर भरतो. चालताना टाकी ओढते, उभी असताना ढकलते. मी एकाच दोषासाठी दोन सुटे भाग बदलले होते.

आता सुस्स हा आवाज हवा आत जाण्याचा की बाहेर येण्याचा, एवढेच पाहणे उरले. कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. शेजारच्या घरात अर्धी खोली कापसाने भरलेली आहे. भाव वाढेल या आशेने दिवाळीपासून ठेवलेला तो कापूस आता घरच्यांच्या अंगाला खाजू लागला आहे. त्यातला एक पेळू मागून आणला. संध्याकाळी गाडी पाच किलोमीटर चालवून बंद पाडली, झाकणाच्या कडेशी कापसाची एक सुटी तार धरली आणि झाकण पाव फेरा फिरवले. तार सरळ झाली, झाकणाच्या फटीकडे वळली आणि आत ओढली जाऊन काठाला चिकटली. हवा आत जात होती.

शनिवार, २६ एप्रिल

हवेला येण्यासाठी दोन वाटा असायला हव्या होत्या. पहिली झाकणातली. सध्याचे कुलूपवाले झाकण मूळचे नाही. मागच्या वर्षी यात्रेच्या गर्दीत जुन्या झाकणाची किल्ली नदीपात्रात हरवली, तेव्हा नानांनी बाजारातून दुसरे आणले. ते उलटे करून पाहिले तर आत हवा घेणारी झडपच नाही, नुसता सपाट रबर. दुसरी वाट टाकीच्या वरच्या अंगाने निघणाऱ्या बारीक पाइपाची. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये टाकीचे काम झाले होते आणि त्या वेळी मूळ जोडणी काढून साधा रबरी पाइप मागच्या चाकाच्या वरच्या पोकळीत खोचून दिला होता. त्याचे तोंड उघडे, खालच्या दिशेला आणि आडोशाला. घर शोधणाऱ्या माशीला याहून चांगली जागा मिळणे अवघड.

चाक काढले, टॉर्च मारली आणि पाइपाच्या तोंडाशी मातीचे बूच दिसले. कुंभारीण माशीने काठापर्यंत नीट लिंपून, वरून गुळगुळीत केलेले. पाइप सोडवून अंगणात आणला आणि जुन्या सायकलच्या तारेने बूच फोडले. पहिले बोटभर माती, इतकी घट्ट की तारेचे टोक वाकले. त्यामागे पोकळी, आणि तिच्यात वाळून हलके झालेले, पाय पोटाशी घेतलेले सात लहान कोळी. त्यांच्यात तपकिरी कागदासारखा एक रिकामा कोष. मग पुन्हा मातीचा पडदा, पुन्हा कोळी. असे तीन कप्पे निघाले. माशी अंडे घालताना पिल्लांसाठी जिवंत पण लुळे केलेले कोळी कोंडून ठेवते, हे पुस्तकात वाचले होते. आमच्या पेट्रोलच्या टाकीने ते दाखवले.

बापू ते कोळी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "दम पंपना नही सर, टाकीना कोंडायेल व्हता."

पाइप बदलला. नव्या पाइपाचे तोंड वर उचलून उलट्या यू आकारात वळवले आणि त्यावर पितळी जाळीचा तुकडा तारेने बांधला. झाकणाला बारीक भोक पाडून मोकळे व्हा, असा सल्ला दोघा-तिघांनी दिला होता. तो मी मानला नाही, कारण भरलेल्या टाकीची गाडी उतारावर उभी केली की त्या भोकातून पेट्रोल झिरपते, आणि पावसाळ्यात त्यातूनच पाणी आत जाते. एथेनॉलच्या पेट्रोलला थोडे पाणी जिरवता येते, मर्यादा ओलांडली की पाणी आणि एथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो, आणि पंप ओढतो तो तळाचाच. परवाच्या मापपात्रात मी तेच पाहिले होते. झडप असलेले झाकण दुसऱ्या दुकानात मिळाले. विकत घेण्याआधी दुकानातच त्याच्या आतल्या बाजूने तोंडाने ओढून पाहिले. दुकानदाराने विचित्र नजरेने पाहिले, पण हवा आली.

रविवार, २७ एप्रिल

टाकीत साधारण २४ लिटर पेट्रोल, म्हणजे पूर्वीच्या हिशेबाने गाडी सहाव्या-सातव्या किलोमीटरला थांबायला हवी. सकाळी धुळ्यापर्यंत जाऊन आलो. एकदाही आचका नाही. धुळ्यात झाकण उघडताना कापसाची तार धरली, ती हलली नाही. दुपारी गाडी मुद्दाम निंबाबाहेर उन्हात तीन तास उभी केली. काचेतली रेषा खुणेवर, वास नाही. मग नियम पाळायचा म्हणून जुना एसी पंप परत बसवला आणि पुन्हा वीस किलोमीटर चालवले. तोही निर्दोष आहे. नवा पंप वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे. दुकानदार बसवून काढलेला भाग परत घेत नाही आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

जागेवरच्या मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा सैल केला, कारण इंजिन थंड असताना किंचित लटपटत होते. ताज्या पेट्रोलमधल्या एथेनॉलसाठी एवढीच तडजोड लागली. मुख्य जेटला हात लावला नाही. फिल्टरमध्ये अजून तांबूस कण दिसतात. टाकीच्या पत्र्याचा गंज थांबलेला नाही आणि पावसाळ्याआधी टाकी उतरवून आतून पाहावी लागेल. ते काम वेगळे आहे आणि त्याच्या नोंदी वेगळ्या ठेवीन.

मंगळवार, २९ एप्रिल

सकाळी सहाला नानांना शेजारी बसवून चोपड्याला निघालो. तापीच्या पुलावर त्यांनी काच खाली करून पात्र किती आटले आहे ते पाहिले आणि गाडीबद्दल एक शब्दही काढला नाही. येताना मागे ताई, भाची आणि बिबड्यांचा डबा होता. एकूण सुमारे ७५ किलोमीटर झाले, गाडी कुठेही थांबली नाही.

घरी पोहोचल्यावर मी सवयीने झाकणाशी गेलो. भाचीने कापसाची तार माझ्या हातातून घेऊन स्वतः धरली आणि झाकण मी फिरवले. तार लोंबत राहिली. ती म्हणाली, "मामा, काहीच होत नाहीये."

(फिल्टरची पुढची तपासणी : रविवार, ११ मे.)